पातं काढायचं राहिलं

आमचं आडनाव शिकलगार. शिकलगार म्हणजे धार लावणारे. आमच्या पूर्वजांनी म्हणे तलवारींना धार लावली. अब्बांच्या वाट्याला मात्र तासगावच्या द्राक्षबागायतदारांच्या कात्र्या आल्या. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आमच्या दारात कात्र्यांचा ढीग पडायचा आणि अब्बा दिवसभर चाकावर वाकलेले असायचे. मी नर्सिंगला गेले तेव्हा नातेवाईक म्हणाले, चला, एक पोरगी तरी या धंद्यातनं सुटली. त्यानंतर मी बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांच्या हातात पाती देत उभी राहिले.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. रुग्णालय तासगाव-विट्याच्या बाजूला, चाळीस खाटांचं. नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि आमचे डॉक्टर अजून ऑपरेशनं करतात. त्यांना इथे माने डॉक्टर म्हणते. खरं आडनाव वेगळं आहे. दिवाळी अंक ते वाचत नाहीत, तरी खबरदारी घेतलेली बरी. धारदार वस्तूंच्या बाबतीत खबरदारी हाच माझा विषय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ऑपरेशनला एक सुरी लागते आणि एक धाडसी माणूस. सुरीचं काम पहिल्या काही मिनिटांत संपतं. नंतर चालतात ते चिमटे, कात्र्या आणि सुईधरे. रक्तवाहिनी दाबून धरणारा तो आर्टरी फोरसेप. एका साध्या ऑपरेशनलासुद्धा आठ-दहा लागतात. दात असलेला चिमटा कातडीला, बिनदाताचा आतल्या नाजूक गोष्टींना. आतडं दातांच्या चिमट्यानं धरलंत तर आतड्याला भोक पडतं आणि सिस्टरला शिव्या. दोरा कापायची कात्री वेगळी, मांस कापायची वेगळी. मांसाच्या नाजूक कात्रीनं एकदा दोरा कापला की तिची धार गेली, हे मी नव्या मुलींना सांगायचे तेव्हा त्या माझ्याकडे सासूकडे बघावं तशा बघायच्या.

आणि मोजणी. पोट उघडण्याआधी मोजायचं, शिवण्याआधी मोजायचं, शिवून झाल्यावर मोजायचं. हत्यारं, सुया, कापसाच्या घड्या, सगळं मोठ्यानं. एकदा उंब्रजकडचे एक निवृत्त सुभेदार हर्नियासाठी आले होते. पाठीत इंजेक्शन दिल्यामुळे ते जागे होते. मी मोजायला लागले तसे पडद्याआडनं म्हणाले, "शाबास! आमच्याकडं कोतमधी, रायफली ठेवत्यात तितं, अशीच हत्यारं मोजत्यात. एक रायफल कमी पडली तर सगळी पलटण उपाशी."

"आमच्याकडे एक कमी पडलं तर तुमचं पोट परत उघडतात," मी म्हणाले.

सुभेदारांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "बाई, सावकाश मोजा. मला गडबड न्हाई."

माने डॉक्टरांना मात्र कायम गडबड असायची. हात सोन्याचा, स्वभाव फटाक्याचा. वापरलेलं हत्यार न बघता मागे टाकायची त्यांना सवय होती. ते कुठं पडेल हे परमेश्वर आणि सिस्टर यांनी बघायचं. माझ्या डाव्या मनगटावर एक बारीक पांढरी रेघ आहे, ती त्यांच्या उमेदीच्या काळातली. त्या रेघेनंतर मी नियम केला: पातं हातातून हातात द्यायचं नाही. दोघांच्या मधे किडनीच्या आकाराचा एक ट्रे ठेवायचा. मी त्यात सुरी ठेवणार, ते उचलणार, काम झालं की परत त्यातच ठेवणार. दोघांचे हात एकाच वेळी ट्रेमध्ये जाणार नाहीत. डॉक्टर महिनाभर चिडले. "मला काय सुरी धरता येत नाही?" म्हणाले.

"तुम्हाला येते सर. ठेवता येत नाही."

दुसरा नियम पात्याचा. ते दांडीवर बसवायचं ते चिमट्यानं आणि काढायचं तेही चिमट्यानं, बोटानं कधीच नाही. आणि काढायचं त्यानंच, ज्यानं बसवलं. काढलं की थेट जाड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात. वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नाही. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात एका मोठ्या कागदावर लिहिलं, लॅमिनेट करून घेतलं आणि हत्यारं धुवायच्या खोलीत लावलं. 'धारदार वस्तू हाताळण्याचे नियम'. खाली माझं नाव. पुढे जिल्ह्यातल्या दुसऱ्या रुग्णालयांतूनही मला व्याख्यानाला बोलवायला लागले. शाल, नारळ. दोन ठिकाणी पेढे.

मधे एकदा आमची सगळ्यात चांगली नाजूक कात्री गायब झाली. मी थिएटर उलटंपालटं केलं. धुणाऱ्या बाईंना विचारलं, कपड्यांची गाठोडी सोडली, कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघितल्या. चार दिवसांनी डॉक्टरांच्या द्राक्षबागेत जायचा योग आला. घडाची विरळणी चालली होती. एक बाई आमच्या कात्रीनं हलक्या हातानं मणी उडवत होती. मी बघत राहिले तसे डॉक्टर म्हणाले, "अगं, ही काय मस्त चालते बघ! घडात बरोबर शिरते." चोरीचा संशय मी ज्या धुणाऱ्या बाईंवर चार दिवस धरून बसले होते, त्यांची माफी मागायचं मला सुचलं नाही, डॉक्टरांनाही सुचलं नाही. त्या बाई म्हणजे आक्काताई.

आता त्यांच्याबद्दल सांगायचं आहे. बाकीचं सगळं मी व्याख्यानांत सांगत आले. हे सांगितलेलं नाही.

आक्काताई आटपाडी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. वयानं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. नवरा गेल्यावर रुग्णालयात आया म्हणून लागल्या आणि पुढे थिएटरची हत्यारं धुवायला आल्या. सही करण्यापुरतं अक्षर यायचं. वाचता येत नव्हतं. पण हत्यारं त्यांना नावानिशी माहीत होती, फक्त नावं त्यांची स्वतःची. वाकडा आर्टरी म्हणजे 'पोपट', सुईधरा म्हणजे 'पक्कड', आणि आतडं अलगद धरणारा चिमटा म्हणजे 'आजीबाई', त्याला दात नाहीत म्हणून. धुताना प्रत्येक चिमट्याची कडी उघडून सांध्यात ब्रश घालायच्या. "सांद्यात राहिलं की कुजतंय," म्हणायच्या. "हत्याराचं बी आन माणसाचं बी."

करोनानंतरच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सकाळी एक अपेंडिक्सचा रुग्ण तातडीनं घेतला होता. पोटात पू झालेला, त्यामुळे वेळ लागला. डॉक्टरांना दुसऱ्या गावात ऑपरेशन होतं, गाडी दारात उभी. शिवून होताच ते गेले. मोजणी मी बरोबर केली होती. सगळं जागच्या जागी होतं. तेवढ्यात भूलतज्ज्ञांनी रुग्णाला बाहेर न्यायला हाक मारली. मी दोन्ही सुऱ्या, कातडीची आणि आतली, उचलल्या. एकीचं पातं काढलं, डब्यात टाकलं. दुसरी ट्रेमध्ये ठेवली, म्हटलं आल्यावर काढते. तिच्यावर कुणाच्या तरी हातून रक्तानं भिजलेली घडी पडली. रुग्णाला बाहेर सोडून मी परत येईपर्यंत ट्रे धुवायच्या खोलीत गेला होता.

आक्काताईंचा आवाज मोठा आला नाही. "अगाई," एवढंच. मी गेले तर त्या नळाखाली हात धरून उभ्या. हातमोजा फाटलेला, तर्जनीपासून तळव्यापर्यंत चीर. मोजे होते, पण ते तपासणीचे पातळ. धुण्याकामाचे जाड रबरी मोजे फाटून दोन महिने झाले होते आणि नवीन यायचे होते.

मी धडाधड बोलायला लागले. "साबण लावा, पाणी सोडून ठेवा, दाबू नका, हळद लावू नका." हे सगळं मला पाठ होतं. त्या निमूटपणे करत होत्या. भिंतीवरचा माझा कागद आमच्या दोघींच्या बरोबर डोक्यावर होता.

रुग्णाचं रक्त तपासलं. तातडीची केस म्हणून तपासणीचा कागद यायच्या आधीच त्याला आत घेतलं होतं. दुपारी कागद आला. एचआयव्ही नव्हता. हिपॅटायटिस बी, म्हणजे 'बी' प्रकारची कावीळ, होती.

या काविळीची लस आम्हा सगळ्यांनी घेतलेली होती. आमच्याकडे दोनदा लसीकरण झालं, दोन्ही वेळा यादी नर्स आणि डॉक्टरांची. आया यादीत बसत नव्हत्या. सगळ्यात जास्त धारदार वस्तू ज्यांच्या हातातून जातात त्याच बसत नव्हत्या, हे मला इतक्या वर्षांत खटकलं नव्हतं. संरक्षणाचं इंजेक्शन चोवीस तासांच्या आत मिळालं तर उत्तम. ते मिरजेत होतं. मी आक्काताईंना घेऊन रिक्षानं स्टँडवर आणि तिथनं एसटीनं मिरजेला गेले. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "शिष्टर, ह्यातनं मानूस मरतंय का?"

"सगळ्यांना होत नाही. इंजेक्शन घेतलं की बहुतेक होतच नाही."

"आन झालं तर?"

"औषधं आहेत."

त्या माझ्याकडे वळल्या. "मग तुमी का रडताय?" म्हणाल्या. मला वाटत होतं मी रडत नाही.

दुसऱ्या दिवशी माने डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रुग्णालयाच्या दर्जाच्या तपासणीसाठी पंधरा दिवसांनी समिती येणार होती. टेबलावर अपघाताची नोंदवही उघडी होती. ती वही माझ्याच आग्रहानं सुरू झालेली. डॉक्टर शांत होते, म्हणजे गंभीर होते.

"काय झालं नक्की?"

"ट्रेमध्ये पातं राहिलं होतं."

"कुणाकडून?"

मी नोंदवहीचं पान सरळ करत राहिले. त्यांनीही फार वाट बघितली नाही. "मोजे घातले होते का तिनं?"

"पातळ होते."

"म्हणजे योग्य नव्हते. लिही. योग्य हातमोजे न वापरता निष्काळजीपणे उपकरणे हाताळल्यामुळे इजा." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, पातं राहिलं म्हटलं तर थिएटरवर येतं. तुझ्यावर येतं. व्याख्यानं देतेस तू जिल्हाभर."

डॉक्टरांनी मला धमकावलं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तसं काही झालं नव्हतं. त्यांनी मला फक्त दार उघडून दिलं आणि मी आत गेले. मला नोकरी जायची भीती नव्हती. त्या वयाची थिएटर सिस्टर कुणी काढत नाही, दुसरी मिळत नाही. मला लाज वाटत होती ती भिंतीवरच्या कागदाखालच्या नावाची. मी लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

नोंदीखाली आक्काताईंची सही लागायची. पट्टी बांधलेल्या हातानं त्यांनी पेन धरलं. "काय लिवलंय?"

"हाताला लागलं म्हणून लिहिलंय."

त्यांनी एकेक अक्षर काढत सही केली. चार अक्षरांना एवढा वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

समिती आली. त्यांना आमची नोंदवही फार आवडली. "घटना लपवलेली नाही, कारण शोधलं आहे, संबंधितावर कारवाई केली आहे," असं त्यांनी शेऱ्यात लिहिलं. संबंधितावर कारवाई म्हणजे आक्काताईंना लेखी ताकीद आणि थिएटरमधून बदली. त्या कपडे धुण्याकडे गेल्या. समितीपुढे धारदार वस्तूंवर दहा मिनिटं बोलायचा मान मला मिळाला. मी बोललेही. चांगलं बोलले.

मग वाट बघणं सुरू झालं. लसीचे तीन डोस, मधेमधे रक्त तपासणी आणि सहा महिन्यांनी शेवटची. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या थिएटरच्या मागेच होत्या. हात धुवायच्या बेसिनवरच्या खिडकीतून त्या दिसायच्या. ऑपरेशनआधी पाच मिनिटं कोपरापर्यंत हात घासताना नजर कुठं तरी ठेवावी लागते.

मी त्यांना सांगत होते की हा आजार ताटवाटीनं पसरत नाही, शिवल्यानं पसरत नाही. "तुमी म्हणताय ते खरंच आसंल," त्या म्हणायच्या आणि घरी स्वतःचं ताट वेगळं ठेवायच्या. सूनबाई चांगल्या होत्या, काही म्हणाल्या नाहीत. पण वर्षाच्या नातीला कडेवर घ्यायचं आक्काताईंनी आपणहून सोडलं. लांबून टाळ्या वाजवून खेळवायच्या. हे त्यांच्याबरोबर कपड्यांना असलेल्या बाईनं मला सांगितलं. आक्काताईंनी नाही.

आक्काताईंच्या जागी धुवायला आलेली नवी बाई चिमट्यांच्या कड्या न उघडताच धुवायची. मला रोज तपासावं लागायचं. पण तिच्यापर्यंत एकही पातं गेलं नाही. प्रत्येक ऑपरेशननंतर मी ट्रे दोनदा चाचपायचे, मग आणखी एकदा. मुली हसायच्या. "सिस्टरना ओसीडी झालाय," म्हणायच्या.

शेवटचा रिपोर्ट आला तो गुरुवार होता. निगेटिव्ह. आक्काताई सुनेला आणि नातीला घेऊन पंधरा दिवसांच्या रजेवर गावी गेल्या होत्या. फोन करता आला असता. मी रजा टाकली आणि आटपाडीची एसटी धरली. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालले. आजूबाजूला डाळिंबाच्या बागा आणि बाकी सगळं उघडं माळरान. घरासमोर त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या. "आवं शिष्टर! एवढ्या उनाचं?"

"रिपोर्ट आला. काही नाही तुम्हाला. स्वच्छ आहे सगळं."

त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले. घरात गेल्या. बाहेर आल्या त्या नातीला कडेवर घेऊन. ती पोर आता दीड वर्षाची, आजीच्या एवढ्या जवळ यायची सवय नाही, भोकाड पसरलं तिनं. आक्काताई हसत होत्या. पोर रडत होती, त्या हसत होत्या आणि तिचे मुके घेत होत्या.

चहा झाला. सूनबाई पोरीला घेऊन आत गेल्या. मी एसटीत सगळं जुळवून आणलं होतं, प्रस्तावनेसकट. त्यातलं काही आठवेना.

"आक्काताई, ते पातं माझ्याकडून राहिलं होतं. एक काढलं आणि दुसरं काढायचं राहिलं. चूक माझी होती. वहीत मी तुमची लिहिली."

त्यांनी सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या. "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशीपासनं. पातं काढायचं काम कुणाचं हाय? तुमचं. इतकी वर्सं तुमच्याच तोंडनं ऐकत हुते की मी. ज्यानं बसावलं त्यानं काढायचं." एक शेंग फोडली. "आन वहीवर सही घेताना तुमी माज्या तोंडाकडं बघितलं न्हाई. कातरीच्या टायमाला बी बघितलं नव्हतं."

"मग बोलला का नाही? सहा महिने?"

"मी बोलून काय हुनार हुतं? वही तुमची, आक्षर तुमचं. तुमी कवा सांगताय त्येच बघत हुते." मग दुसरी शेंग फोडत म्हणाल्या, "लय उशीर केलासा."

मी माफी मागितली. त्या वेळी डोळ्यांतलं पाणी मला कळत होतं. त्यांनी ते बघितलं, पण एसटीतल्यासारखं विचारलं नाही.

"माफीचं ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "जितं लिवलंय तितंच आता खरं काय ते लिवा. हिकडं माज्या पडवीत सांगून माजं नाव तिकडनं निघतंय व्हय? मी निश्काळजी न्हाई. सतरा वर्सं धुतली हत्यारं, कुटं गंज दिसला का तुमाला?"

"नाही."

"मग लिवा तसं."

परत निघताना त्यांनी शेंगांची पिशवी दिली. ती घ्यावी का, हे मला ठरवता येईना. घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली केस घ्यायच्या आधी, मी नोंदवही काढली. जुनी नोंद खोडली नाही. वहीत खोडाखोड चालत नाही, हा नियमही माझाच. तिच्याखाली लिहिलं: वरील घटनेत सुरीचे पाते ट्रेमध्ये मी ठेवले होते. ते काढण्याची जबाबदारी माझी होती. धुणाऱ्या कर्मचारी हातमोजे घालून होत्या. जाड मोजे रुग्णालयाने पुरवलेले नव्हते. त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. खाली सही केली आणि वही डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

माने डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. जाड मोज्यांच्या ओळीवर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं. मी सगळ्या उत्तरांची तयारी करून उभी होते. ते ओरडतील, पान फाडतील, समितीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे त्याकडे बोट दाखवतील.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "वेळ लिहिली नाहीस," म्हणाले. "वेळेशिवाय नोंद ग्राह्य धरत नाहीत. तूच शिकवतेस ना सगळ्यांना?"

मी घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. घटनेला साडेसहा महिने होऊन गेले होते. त्या उशिराचा रकाना वहीत नव्हता.